सुनेचं मत

तेरेक-साय, २६ ऑक्टोबर १९९९

आयजातच्या बाबांना,

सलाम. आयजातला थोडा खोकला आहे, गाय बरी आहे, सासूबाईंचे गुडघे तुम्ही गेलात तेव्हा होते तसेच आहेत. आता काही खात असाल तर आधी गिळून घ्या आणि मग पुढचं वाचा. तुमची बायको केनेशवर, गावच्या पंचायतीवर, निवडून आली आहे.

हसू नका. खालच्या आळीतल्या बायकांनी मला उभं केलं. त्यांच्या पेन्शनचे कागद मी भरते, रशियातल्या पोरांना पत्रं मीच लिहिते, तर म्हणाल्या, बाई, सभेतही तूच बस. पुरुषांनी मनावर घेतलं नाही. त्यांना वाटलं, एक बाई चहा करायला बरी.

आता गंमत ऐका. केनेशचे सभासद एकवीस. दहा वरच्या आळीचे, दहा खालच्या आळीचे, आणि मी. माझं सासर वर, मी शिकवते ती शाळा खाली. अध्यक्षपदाला दोघे उभे आहेत. एक तुमचे सख्खे थोरले भाऊ, दुसरे तुमच्या काकांचे थोरले. दोघांचीही नावं मी लिहिणार नाही. अकरा वर्षांत दिरांची नावं तोंडातून काढली नाहीत, ती आता टपालवाल्यांसमोर काढू? सख्ख्यांना टोपीवाले म्हणते, चुलत दिरांना मिशीवाले. तुम्हाला बरोबर कळेल.

पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. सभासद एकवीस, पेटीत चिठ्ठ्या बावीस. अर्धा तास नुसती बोंबाबोंब. मग ठरलं, हात वर करा. म्हातारबाबांनी दोन्ही वेळा हात वर केला. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, म्हणून सभा तेच चालवतात. विचारलं तर म्हणाले, "दोन्ही आपलीच पोरं, कुणाला नाही म्हणू?" त्यांचं बघून आणखी चौघांनी तेच केलं. शेवटी ठराव झाला की यापुढे चिठ्ठी नाही आणि हात नाही. प्रत्येकाने उभं राहायचं आणि आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. हा ठराव मात्र एकमताने पास. मीही होकार दिला, मूर्खासारखा. पुढचं लक्षातच आलं नाही.

माझी पाळी शेवटी आली. तोवर दहा आणि दहा. मी उभी राहिले. वीस माणसं तोंडाकडे बघतायत. मी तोंड उघडलं, मिटलं आणि खाली बसले. सभा तहकूब.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं हो. पण शाळेचा कोळसा अडकलाय. तालुक्याने कळवलंय की दहा डिसेंबरपर्यंत अध्यक्षाच्या सहीशिक्क्याचा कागद आला नाही, तर आपला कोळसा शेजारच्या गावाला जाईल. मग शाळा थेट वसंतापर्यंत बंद. दोन्ही भावजींना म्हटलं, आधी कोळशाचं बघा. दोघांनी एकच उत्तर दिलं, "आधी मला निवडा."

काय करू ते कळवा. आणि मोजे कोरडे ठेवा.

आयजातची आई


ओम्स्क, ५ नोव्हेंबर

आयजातच्या आईला सलाम! आईला सलाम, आईच्या गुडघ्यांना सलाम, आयजातला दोन्ही गालांवर सलाम, वरच्या आळीला सलाम, खालच्या आळीलाही थोडा सलाम, गायीला सलाम. मी ठणठणीत आहे. बांधकामावरच्या एका पत्र्याच्या डब्यात आम्ही सहा जण राहतो आणि पाचजण घोरतात.

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. जुमाश एवढा हसला की खाटेवरून पडला. मीही हसलो, पण नंतर छाती फुगली. माझी बायको सभासद! गवंड्यांच्या मुकादमालासुद्धा सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण त्याने हात मिळवला.

आता नीट ऐक. मत कादिरकुलदादाला द्यायचं. यात विचार कसला? सख्खा भाऊ आहे. नाव घेता येत नाही, नको घेऊस. बोट दाखव की! एवढी शिकलेली तू, आणि एवढंही सुचू नये?

कोळशाचं दादा बघतील. ते मागे सहज म्हणाले होते की वसंतात पाटाचं पाणी वाटायला एक भरवशाचा माणूस लागणार आहे. ते असंच आठवलं म्हणून लिहिलं. त्याचा मताशी काही संबंध नाही.

तुर्दुबेक


तेरेक-साय, १४ नोव्हेंबर

आयजातच्या बाबांना,

बोट दाखव! थोरल्या दिराकडे, भर सभेत, बोट? तुमच्या आईंना हे वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी तुम्हाला दिलेले शिव्याशाप मी इथे लिहीत नाही, कागद संपेल.

तरी पुरुषांनी तुमच्यासारखीच डोकी चालवली. एकजण म्हणाला, ज्याला मत द्यायचं नाही त्याच्याकडे तिने पाठ करावी. लगेच दुसरा ओरडला, "सून थोरल्यांना पाठ दाखवेल? मग गावात राहिलं काय?" कुणी म्हणालं, कागदावर लिहू दे. तर ठराव आडवा आला. ठराव बदलायला अकरा मतं लागतात, आणि तिथेही दहा-दहा! अकरावं मत माझं. ते मी द्यायला उठले, तर मिशीवाले म्हणाले की ठरावावरही आता तोंडानेच बोलायचं, आणि मांडणाऱ्याचं नाव घेऊन. मांडणारे कोण? टोपीवाले. बसले पुन्हा खाली.

मग म्हातारबाबांना जाग आली. म्हणाले, "पोरीला चहा द्यायला सांगा. पहिला पेला ज्याच्या हातात देईल तो अध्यक्ष." सगळ्यांना पटलं. मी किटली घेतली. अहो, वीस माणसं माझ्या मनगटाकडे बघतायत, आणि मी नेहमीच्या सवयीने पहिला पेला दिला म्हातारबाबांना! सगळ्यांत वडील तेच ना. बाबांनी फुंकर मारून चहा प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "मला नको रे अध्यक्षपद, मला दुपारी झोपायचं असतं."

तेवढ्यावर थांबलं नाही. पेले वाटून झाले तशी दोन्ही आळ्यांनी मापं काढायला सुरुवात केली. पेला अर्धा म्हणजे मान, काठोकाठ म्हणजे उठा आता, हे तर आपलं शेंबडं पोरही सांगेल. टोपीवाल्यांचा अर्धा होता. मिशीवाल्यांचाही अर्धा. पण मिशीवाल्यांनी पेल्यात बोट बुडवून बघितलं आणि जाहीर केलं की त्यांचा अर्ध्याहून किंचित कमी आहे, सबब मान जास्त. यावर टोपीवाल्यांनी एक घोट घाईघाईने पिऊन टाकला. मग "पिऊन कमी केलेला चहा धरायचा की नाही" यावर सूर्य मावळेपर्यंत चर्चा.

आणखी एक. केनेशचा गोल शिक्का सापडत नाही. सगळी कपाटं पालथी घातली. उद्या अध्यक्ष मिळाला तरी कोळशाच्या कागदावर उमटवणार काय, कपाळ?

शाळेत आता शाई गोठते. पोरं हातमोजे घालून बसतात आणि लिहायचं असलं की एकच काढतात. आयजातचा खोकला वाढलाय. काल फळ्याकडे तोंड करून मी रडले. पोरांना वाटलं, बाई खडूचं काहीतरी करतायत.

दादांची बाजू घेण्याआधी एकदा आपल्या लेकीचा विचार करा.

आयजातची आई


ओम्स्क, २३ नोव्हेंबर

आयजातच्या आईला, आईला, आयजातला आणि सगळ्यांना सलाम. आयजातला मेंढीची चरबी गरम दुधातून दे. विसरू नकोस.

मी खूप विचार केला. सख्खा काय, चुलत काय, रक्त एकच. आपल्या दोन घोड्या हिवाळाभर शामिरदादांच्या गोठ्यात आहेत. त्यांचं गवत खातायत. त्यांनी मला फार मायेने पत्र लिहिलंय. पाटाच्या पाण्याला भरवशाचा माणूस त्यांनाही हवा आहे, हा निव्वळ योगायोग. तर मत शामिरदादांना दे. कादिरकुलदादांना तसंही ती उंच टोपी घालून दारातून वाकून यावं लागतं. अध्यक्षाला ते शोभत नाही.

तुर्दुबेक


ओम्स्क, २४ नोव्हेंबर

कालचं पत्र फाडून टाक. कुणाला दाखवू नकोस. आज कादिरकुलदादांचा निरोप घेऊन जुमाशचा मेहुणा आला. सोबत घोड्याच्या मांसाचं सॉसेज पाठवलंय, हातभर लांब. मत कादिरकुलदादांना. हे शेवटचं.

आयजात कशी आहे?

तुर्दुबेक


तेरेक-साय, ९ डिसेंबर

आयजातच्या बाबांना,

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. तोवर मला सगळं कळलं होतं. कसं कळलं ते सांगते. उभे असाल तर बसा.

काल शेवटची सभा होती. उद्या दहा तारीख. मी वर्गातल्या सगळ्या पोरांना घेऊन गेले आणि भिंतीला लावून उभं केलं. म्हटलं, बघू दे यांना. पोरं खोकत होती. एकाला खोकला आला की दुसऱ्याला यायचा. वीस माणसं जमिनीकडे बघत बसली.

पुन्हा नावं घेणं सुरू झालं. दहा, दहा. मी उभी राहिले. तेवढ्यात टोपीवाले म्हणाले, "सुनेला कशाला अवघडवता? तिच्या नवऱ्याने तिचं मत मला कधीच दिलंय." आणि खिशातून तुमचं पत्र काढून वाचलं. "दादा, माझ्या बायकोचं मत तुमचंच समजा. पाण्याचं तेवढं लक्षात ठेवा." खाली तुमचं नाव.

वरची आळी टाळ्या वाजवायला लागली. मिशीवाले उठले. मिशीवर हात फिरवला. म्हणाले, "असं का? मग हे पण ऐका." आणि त्यांनीही पत्र काढलं. "दादा, माझ्या बायकोचं मत तुमचंच समजा. पाण्याचं तेवढं लक्षात ठेवा." खाली तुमचंच नाव. निदान एखादा शब्द तरी बदलायचा होता!

 मग खालच्या आळीतला कुणीतरी फिसकन हसला आणि सगळी सभा हसायला लागली. तुमचे दोन्ही दादा एकमेकांची पत्रं हिसकावून वाचतायत. पोरंही हसतायत, का ते न कळता. आयजात एकटी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मला राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. माझं मत तुम्ही पाटाच्या पाण्याच्या बदल्यात दोन घरी वाटलंत आणि मी इथे शाईच्या बाटल्या छातीशी धरून वितळवते आहे!  मी तशीच उभी होते. म्हातारबाबा म्हणाले, "बोल पोरी. ज्याचं नाव तुला घेता येतं, त्याचं घे. नाहीतर घरी जाऊ, माझे पाय गारठले."

मी सभेत एकेकाकडे बघितलं. हे सासऱ्यांचे चुलतभाऊ, नाव घेता येत नाही. हे थोरले दीर, नाही. हे दिरांचे मामेभाऊ, तेही वडील, नाही. गावात सगळेच सासरचे. वीसच्या वीस नावं मला बंद. आणि मग लक्षात आलं की एक नाव मोकळं आहे. ते माझ्या आईने ठेवलं होतं आणि त्यावर सासरच्या कुणाचा हक्क नाही.

मी मोठ्याने म्हटलं, "अनारकान."

कुणाला काही कळेना. म्हातारबाबांनी शेजाऱ्याला विचारलं, "अनारकान कोण? आपल्यात कुणी अनारकान आहे?" शेजारी म्हणाला, "नसावी बुवा." अकरा वर्षं या गावात राहते मी. त्यांची निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली! मला बाई म्हणतात, सूनबाई म्हणतात, आयजातची आई म्हणतात. शेवटी भिंतीपाशी आयजात ओरडली, "ती माझी आई आहे!"

मग जे झालं ते तुमच्या दादांचं कर्तृत्व. अकरा मतं कुणालाच नाहीत, म्हणून पुन्हा फेरी घ्यायची ठरली. टोपीवाल्यांनी आपल्या दहा जणांना कोपऱ्यात नेलं. काय कुजबुजले ते बाहेर ओट्यावर ऐकू आलं. "आपलीच सून आहे, आपल्या शब्दाबाहेर कुठे जातेय? मिशी नको, म्हणजे झालं." मिशीवाल्यांनी दुसरा कोपरा धरला. "बाई तर बाई. ती टोपी तरी नाही ना!" आणि मग एकामागून एक उठले. अनारकान. अनारकान. अनारकान. कुणी दात खाऊन म्हटलं, कुणी हसून म्हटलं. म्हातारबाबांनी दोनदा म्हटलं, त्यातलं एक मोजलं. एकवीसपैकी एकवीस. अहो, लग्नात काझींनी उच्चारलं असेल तेवढंच, त्यानंतर या गावात माझं नाव मी ऐकलंच नव्हतं. मला हुंदका आला. मी तो खोकल्यात मिसळून टाकला. तिथे खोकल्याला काय तोटा होता!

मी अभिनंदन वगैरे घेतलं नाही. कोळशाचा कागद समोर ठेवून सही केली आणि म्हटलं, शिक्का कुठे आहे? सगळे आपापले खिसे चाचपायला लागले. मी म्हटलं, शिक्का मिळेपर्यंत मी पोरांना घेऊन इथेच बसते. पाच मिनिटं गेली. मग टोपीवाल्यांनी सावकाश डोक्यावरची पांढरी टोपी काढली. आत, अस्तरात, शिक्का! सहा आठवडे डोक्यावर घेऊन फिरत होते. "सुरक्षित राहावा म्हणून," म्हणाले. मिशीवाले खुर्चीवर कोसळले. मी शिक्क्यावर श्वास सोडला आणि उमटवला. थोडा तेलकट उमटला, पण गोल आला. शाळेचे शिपाई घोड्यावरून कागद घेऊन तालुक्याला गेले.

तुमच्या पत्रांबद्दल मला अजून काही बोलायचं नाही. म्हणजे बोलायचं पुष्कळ आहे, पण आधी कोळसा येऊ दे.

अनारकान, अध्यक्ष


ओम्स्क, १९ डिसेंबर

माननीय अध्यक्षांना सलाम. आईला आणि आयजातला सलाम. गायीला सलाम पाठवायचं मला आज धाडस होत नाही.

चुकलो. सॉसेज आम्ही सहा जणांनी खाल्लं, पण शिक्षा मी एकट्याने भोगतोय. जुमाश मला 'दोन दादांचा' म्हणून हाक मारतो. मुकादमसुद्धा तेच म्हणायला शिकला. आयजात हसली नाही, हे तू लिहिलंस ते वाचल्यापासून झोप नीट लागत नाही.

मला घरी यायचं आहे. इथे बर्फात विटा लावणं मला जमत नाही, हे मी तुला कधी कळवलं नाही. बोटं सुन्न होतात. पैसे पाठवतो म्हणून तुम्हाला वाटत असेल की मी मजेत आहे. गावात काम असतं तर मी केव्हाच आलो असतो. दादांच्या मागे लागलो ते म्हणूनच. तुला सांगायची लाज वाटली.

तर आता रीतसर अर्ज करतो. वसंतापासून पाटाच्या पाण्याची पाळी लावायचं काम मला मिळावं. अध्यक्ष घरच्याच आहेत, तर बघावं. हा योगायोग नाही, हे मी कबूल करतो.

तुझा तुर्दुबेक


तेरेक-साय, ३० डिसेंबर

आयजातच्या बाबांना,

कोळसा आला. ट्रक वर चढेना, तर दोन्ही आळ्यांनी मिळून ढकलला, आणि ढकलताना कोणती आळी जास्त ढकलते यावर भांडले. परवा शेगडी पेटवली. दुसऱ्या तासाला ऊब भरली आणि सगळा वर्ग झोपून गेला. वह्यांवर गाल टेकून, तोंडं उघडी टाकून. आयजात तर घोरत होती, तुमच्यासारखी. तिचा खोकला कमी आहे. मी एकालाही उठवलं नाही. शेगडीपाशी बसून नुसती बघत राहिले.

तुमचा अर्ज मी नियमाने सभेपुढे ठेवला. विरुद्ध अर्ज एकच, खालच्या आळीतल्या विधवा तुर्सुनचा. तिचा बांध पाटाला लागून आहे आणि ती चार वर्षं फुकट पाळी लावते आहे. टोपीवाल्यांचे दहा तुमच्या बाजूने बोलले, कारण तुम्ही सख्खे. मिशीवाल्यांचे दहा तुमच्या विरुद्ध बोलले, कारण तुम्ही टोपीवाल्यांचे सख्खे. दहा-दहा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हातारबाबासुद्धा जागे होते.

तुमची सुन्न बोटं माझ्या डोळ्यांसमोर आली.  मग मी उभी राहिले आणि म्हटलं, "तुर्सुन." तिचं नाव घ्यायला मला बंदी नाही, ती माझ्याहून लहान आहे.

तेव्हा तुमचं काम गेलं. माझ्या मतानेच गेलं. रागवायचं असेल तर रागवा, पण इथे येऊन रागवा. घोडी विकू, नाहीतर शाळेच्या छपराचं काम निघेल तेव्हा बघू. विटा इथेही लागतात आणि इथलं ऊन बरं असतं. नुसतं बर्फात उभं राहून मला पैसे पाठवू नका. मला ते असे नकोत.

वसंताची वाट बघू नका. बस गुरुवारची असते. मी आणि आयजात थांब्यावर येऊ.

अनारकान